शिवेवरचा खड्डा

नाही, नाही, बस की तिथेच. त्या दगडावर रोज मी बसतो हे खरं, पण बसलीच आहेस तर बस — पाहुणीला उठवायची आमच्यात रीत नाही — मी हा इकडे ओंडक्यावर टेकतो. ओंडका टोचतो जरा, पण सत्याहत्तर वर्षांच्या हाडांना काय, गादी दिली तरी टोचणारच. सुपारी घे. घे गं, लाजू नकोस, हा चुना — जपून, थोडाच लाव, तुमच्या राजधानीत, मोरेस्बीच्या बाजारात मिळतो तसला पिठुळ चुना नाही हा, जिभेचं साल काढतो. आणि ते यंत्र चालू आहे का तुझं? असू दे. वीस वर्षं गावकोर्टात बसलोय मी, यंत्राला बिचकणारा माणूस नाही. फक्त ते मॅजिस्ट्रेटसाहेब, मॅजिस्ट्रेटसाहेब नको करूस. बिल्ला आहे, नाही कुठे म्हणतो, सरकारने दिलाय, मी त्यात बघून दाढीसुद्धा करतो, पण तू आपलं केपा आजोबा म्हण. हं. तर काय विचारत होतीस — इथली लढाई थांबत का नाही. एवढंच ना? एवढ्यासाठी विमानात बसून डोंगरात आलीस?

बघू तो कागद. कारणे — लागू असेल त्यावर खूण करा. वा. जमीन, हत्यारं, निवडणूक, बेकारी, जुनं वैर, वसाहतीचा वारसा, शासनाचा अभाव — हे छान लिहिलंय, अभाव — आणि सगळ्यात शेवटी एक चौकोन, इतर, स्पष्ट करा. आणि स्पष्ट करायला जागा किती, तर दोन बोटं. पोरी, सगळ्यांवर खूण करून टाक आणि आपण गप्पा मारू. चेष्टा नाही करत, एकही चौकोन खोटा नाही त्यातला. मागे एक गोरा आला होता, त्याच्या कागदावर चौदा चौकोन होते, त्याने चौदाही भरले आणि समाधानाने गेला. त्याच्यानंतर एक बाई आली, ती म्हणाली चौदा वगैरे काही नाही, कारण एकच आहे, पुरुष. त्यावर आमच्या बायकांनी इतका वेळ टाळ्या वाजवल्या की आम्ही मागच्या मागे निघून आलो. तर भर तू. मी काय, सगळ्यांना हो म्हणत आलोय.

वेळ आहे गं अजून. सूर्य त्या सुरूच्या झाडांवर आला की पोलिसांची गाडी तीनदा भोंगा वाजवेल — गाडीत डिझेल नसेल, पण भोंगा बॅटरीवर चालतो, त्यामुळे तो वाजणारच — आणि मग मला खाली उतरायचंय. ऐकलं असशीलच तू. दोन कुळं, इकडे मागे आम्ही कुंबाल, तिकडे खाली यारेपा. आणि मधे हा पट्टा. तुझ्या पायापासून धर, ते खाली पांढरं दिसतंय ना, सिमेंटचा ठोकळा, तिथपर्यंत. एकशे वीस पावलं. अख्ख्या दरीत अशी माती नाही, आणि नऊ वर्षं झाली, तिच्यात रताळ्याचा एक वेल नाही, नुसतं पुरुषभर गवत. त्यांनी लावलं की आम्ही उपटणार, आम्ही लावलं की ते जाळणार. आम्ही म्हणतो शीव खाली ठोकळ्यापाशी, म्हणजे पट्टा आमचा. ते म्हणतात शीव इथे वरच्या धारेवर, म्हणजे पट्टा त्यांचा. आणि आज दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी शब्द दिलाय, की केपा सांगेल ते मान्य. का, तर तो ठोकळा ज्या दिवसामुळे तिथे रोवला गेला, त्या दिवशी तिथे हजर असलेला मी एकटाच जिवंत आहे. बाकीचे गेले. काही म्हातारे होऊन गेले, काही नाही झाले म्हातारे.

ती बघ. ती खाली, ओढ्यापलीकडे, हिरवा झगा — दिसली? माझी पोरगी. अगाता. यारेपांत दिलीय, ते तिचं घर. थांब हं, टोपी काढू दे. हं, बघ, बघ, तिने पहार उचलली डोक्यावर. हे आमचं रोजचं. सकाळी ती वाफ्यात आली की मी टोपी हलवायची आणि तिने पहार उचलायची, म्हणजे दोघांना कळतं की दोघं आहेत. नऊ वर्षं याच्यापेक्षा जवळून पाहिलं नाही तिला. एरवी मी पट्ट्यात पाऊल टाकलं तर त्यांची पोरं गोळी घालतील, तिने टाकलं तर आमची; आज तीन भोंग्यांनंतर तेवढी मोकळीक आहे. नातवंडं चार आहेत, मला ती उंचीवरून ओळखायला येतात, आताची तोंडं माहीत नाहीत. पहार बघ कशी बुटकी आहे. टोकच नाही तिला, वीतभर तुटलंय. मी निरोप धाडला एकदा, अगं नवी पाठवतो, तर म्हणते नको, सासऱ्याची आहे. सासरा हयात असताना कोणी विचारलं की टोक कुठे गेलं, तर म्हणायचा, केपाला विचारा. विनोदी होता माणूस. ते जाऊ दे. कुठे होतो आपण?

वसाहतीचा वारसा. म्हणजे कियापच ना? कियाप म्हणजे ऑस्ट्रेलियातून आलेला गोरा साहेब — पोलीस तोच, न्यायाधीश तोच, मोजणीदार तोच, शिरगणती करणारा तोच, अख्खं सरकार एका अर्ध्या चड्डीत. वाईट नव्हता. खोटं कशाला बोलू, भला होता, आमच्या पोरांना मलम लावायचा. हुशार होता हीच पंचाईत झाली. मूर्ख असता तर त्याने विचारलं असतं. हे बघ, आमच्यात दोन कुळांनी मिळून डुकरं मारायची ठरली की मुमूचा खड्डा, म्हणजे भाजायचा खड्डा, खोदायचा तो बरोबर शिवेवर. अर्धा तुमच्यात, अर्धा आमच्यात. म्हणजे कोणी यजमान नाही, कोणी पाहुणा नाही, कोणी कोणाचं मिंधं नाही. खोदणारे दोन, एक इकडचा, एक तिकडचा. तापलेले दगड घालायचे, केळीची पानं, रताळी, डुक्कर, वरून माती, आणि वाट बघायची. शीव सोडून दुसऱ्याच्या जमिनीत असा खड्डा खोदणं म्हणजे त्याच्या थोबाडीत मारण्यासारखं आहे, कोणी स्वप्नातही करणार नाही. तर त्या दिवशी आम्ही खड्डा उघडतोय, वाफ निघतेय, आणि वाटेने कियाप आला, मागे पोलीस, मागे ओझेवाले. आता इथे कोणी साधा माणूस असता तर म्हणाला असता, काय हो, तुमची हद्द कुठली? पण हा तीन वर्षं आमच्यात राहिलेला, आमच्या सगळ्या चालीरीती त्याने वहीत लिहून घेतलेल्या. त्याने खड्डा पाहिला, वही काढली, मान डोलावली. इकडे आमची म्हातारी मंडळी, तोंडात चरबी, हातात फासळ्या, त्याच्याकडे बघून हसतायत. त्यानेही एक फासळी खाल्ली आणि गेला. आठवड्याने त्याच्या पोलिसांनी येऊन, बुजवलेल्या खड्ड्याच्या मधोमध, तो ठोकळा रोवला. वर आकडा, सदतीस.

कोणाला काय कळणार? आमच्या बापाला वाटलं, साहेबाला डुक्कर आवडलं म्हणून त्याने आठवण ठेवली. यारेपांनाही तसंच वाटलं. दहाएक वर्षं त्या ठोकळ्यावर दोन्हीकडच्या बायका धुणं आपटायच्या आणि पुरुष कुऱ्हाडी पाजळायचे, आणि त्यावरून एक शिवी इकडून तिकडे गेली नाही. मग स्वातंत्र्य आलं. झेंडा चढला, उतरला, दुसरा चढला, आम्ही नाचलो, भात आणि डब्यातली मासळी मिळाली. कियाप रडला जाताना, खरंच रडला, आणि कचेरीच्या कपाटाची किल्ली खिशात घेऊन ऑस्ट्रेलियाला गेला. मुद्दाम नाही गं, विसरून. नव्या साहेबाने महिनाभर वाट पाहिली आणि शेवटी कुऱ्हाडीने कपाट फोडलं. आत उंदरांनी संसार थाटलेला. अख्ख्या जिल्ह्याचे नकाशे कुरतडलेले, धड राहिला तो एकच कागद, त्याच्यावर एक रेघ आणि सदतीसचा आकडा. झालं. बाकीच्या दऱ्यांना नकाशा नाही म्हणून भांडणं, आणि आम्हाला आहे म्हणून. कर खूण त्या चौकोनावर, वारसा.

आणि त्याच सुमारास कॉफीला भाव आला, ही माती एकदम सोन्याची झाली, आणि आमच्याच एकाने, कोण ते सांगत नाही, मेलाय, पट्ट्यात रोपं लावली. यारेपा म्हणाले, अरे शीव वर आहे. हा म्हणाला, कागद बघा. पहिली लढाई. पण तेव्हाची लढाई म्हणजे पोरी, लढाईसुद्धा माणसात होती. बाण. बाणाला पिसं नसतात आमच्याकडे, तो जायचा तिकडे जायचा. पाऊस आला की थांबायचं, डुकरांना खायला घालायची वेळ झाली की थांबायचं, कोणाचा बाण हरवला तर समोरचा आणून द्यायचा आणि शिवी देऊन परत जायचा. एखादा माणूस पडला की दोन्हीकडे रडायचे, कारण त्याची बहीण तिकडे दिलेली असायची. मग बंदुका आल्या. कोणी आणल्या? निवडणुकीने. एका उमेदवाराने आम्हाला दिल्या, त्याच उमेदवाराच्या भावाने यारेपांना दिल्या, आणि मग दोघं मिळून दोन्हीकडच्या मयतींना तांदळाची पोती घेऊन आले. मतं मिळाली त्यांना. आमचीही मिळाली, काय खोटं बोलू, मी स्वतः दिलं मत, पोतं मोठं होतं.

हसतेस? हस. अजून एक ऐक. एकदा तुमच्यासारखीच मंडळी आली होती शांततेचं शिबिर घ्यायला, तिघं होती, छत्र्या घेऊन. जाताना सगळ्यांना बनियन वाटून गेली, पिवळ्या रंगाचे, छातीवर दोन हात मिळवलेले. दोन्हीकडे वाटले, न्याय म्हणजे न्याय. पुढच्याच आठवड्यात लढाई लागली आणि नवे कोरे कपडे म्हणून दोन्हीकडची पोरं तेच घालून आली. आता ओळखायचं कसं? पिवळ्यावर पिवळे. एकाने आपल्याच मामाच्या टोपीवर गोळी घातली, मामाने तिथेच त्याला धरून बडवला, ते बघून समोरचे हसायला लागले, मग इकडचे हसले, आणि सगळे घरी गेले. माझ्या आयुष्यात शिबिराने लढाई थांबलेली ती एकदाच. लिहून घे, फार उपयोगाची माहिती आहे. मात्र दुसऱ्या दिवशी आमची पोरं उघडी गेली.

किती माणसं गेली? नको गं, तो आकडा नको लिहूस. आकडा विचारलास की मला चीड येते. तुझ्या वहीत अठ्ठेचाळीस लिहिशील आणि पान उलटशील. नावं विचार, बसून एकेक सांगतो, दोन्हीकडची सांगतो, बापांच्या नावासकट. अठ्ठेचाळीस म्हणजे काय.

बरं, खटल्याचं. खटला झाला ना, मोठ्या कोर्टात, पंचवीस-सव्वीस वर्षं झाली असतील. यारेपा म्हणाले, आमचे आजे-पणजे या वरच्या धारेवर तांगेट लावायचे — लाल पानांची झुडपं गं, आमच्यात शिवेची खूण तीच. आमचा वकील म्हणाला, दाखवा झुडपं. आता ती कुठून दाखवणार, ती आमच्या डुकरांनी उकरून टाकली. डुकरांनीच. तुला काय वाटलं? आणि मग आमच्या वकिलाने जो मुद्दा काढला त्याला तोड नव्हती. म्हणाला, साहेब, मुमूचा खड्डा शिवेवरच खोदतात हे यारेपांनाही मान्य, कुंबालांनाही मान्य, कियापच्या वहीतही लिहिलेलं. ठोकळा खड्ड्यावर आहे हेही मान्य. मग शीव जर वर धारेवर असेल, तर एकशे वीस पावलं खाली, दुसऱ्याच्या वाफ्यात जाऊन खड्डा खोदायला असा महामूर्ख कोण होता? सगळं कोर्ट हसलं. न्यायाधीश हसला, यारेपांचा वकील हसला. मीही हसलो, सगळ्यात मोठ्याने. मग मला उभं केलं. खड्डा खोदणारे दोघं, कुंबालांकडून मी, अठरा वर्षांचा होतो तेव्हा, आणि यारेपांकडून तिंदीवी. मी छातीवर हात ठेवून सांगितलं, वडीलधाऱ्यांनी दाखवला तिथे खोदला, शिवेवर खोदला. मग तिंदीवीला विचारलं. तो म्हणाला, आठवत नाही.

तिंदीवी म्हणजे माझा — काय म्हणू, मित्र. पुढे व्याही झाला, अगाताचा सासरा. विसरभोळा होता जरा. म्हणजे, होतं असं माणसाचं. यारेपा फार चिडले त्याच्यावर. स्वतःच्या कुळाची जमीन जातेय आणि हा बाबा म्हणतो आठवत नाही. आपण खटला हरलो ते याच्यामुळे, असं म्हणायला लागले. आणि तसं आठवणार तरी काय, एवढ्या वर्षांनी, साधी गोष्ट, दोन पोरं एक खड्डा खोदतात, त्यात लक्षात ठेवण्यासारखं काय आहे. एक मात्र खरं, त्यांची वकिली कच्ची होती. त्यांनी साधा विचार करायला हवा होता, की ही धार बघ, ही तुझ्या पायाखालची, हा नुसता कातळ आहे. वर दोन बोटं माती, खाली कातळ. इथे माणूस खोदणार कसा? पहार मारली की ठिणगी उडते, दुसऱ्या घावाला हात झिणझिणतात, आणि तिसऱ्याला तर ती अशी अडकली फटीत की तिंदीवीने लोंबकळून —

काय? अशी काय बघतेस? उदाहरण देतोय. म्हणजे कोणी खोदलंच असतं, तर. कातळ कसाही असला तरी पहार अडकतेच, त्यात काय. सुपारी संपली का तुझी? घे अजून एक. ऊन चढलं हो. सूर्य कुठे आलाय बघ बरं, मला त्या बाजूला नीट दिसत नाही.

तू वहीत काहीतरी लिहिलंस आत्ता. वाच बघू. "पहार अडकली." वा, शाबास, एवढ्या बडबडीतनं हे बरं उचललंस. वकील व्हायला हवी होतीस, तेव्हा कुठे होतीस तू? जन्मलीही नसशील.

तिंदीवी विसरभोळा नव्हता. खोटं बोललो मी तुझ्याशी. त्याला दरीतल्या प्रत्येक डुकराची आई आणि आजी ठाऊक होती, कोणाच्या लग्नात कोणी किती खाल्लं ते सांगायचा. तो काय विसरणार. आम्ही आदल्या रात्री नाचलेलो, पाय गेलेले कामातून, पहाटे धुक्यात दोघांना वर पाठवलं, शिवेवर खड्डा खोदा म्हणून. मिशनच्या फादरने नवीकोरी पहार दिलेली तिंदीवीला, केवढा मिरवत होता. तीन घाव. तिसऱ्याला टोक फटीत अडकलं, तो लोंबकळला, मी लोंबकळलो, आणि कट्. वीतभर टोक कातळात, बाकीची पहार आमच्या हातात. हसून हसून पडलो आम्ही. मग तो म्हणाला, चल खाली, आमच्या वाफ्यातली रताळी कालच काढलीत, माती लोण्यासारखी आहे. मी म्हटलं, अरे पण शीव? तो म्हणाला, डुकराला काय कळतंय शीव. एका तासात खड्डा तयार. मग मी आमच्या म्हाताऱ्यांना सांगितलं, यारेपांची इच्छा आहे खाली खोदावा. त्याने त्यांच्या म्हाताऱ्यांना सांगितलं, कुंबालांची इच्छा आहे. आणि आमची माणसं कशी, समोरच्याची इच्छा म्हटली की का म्हणून विचारणं असभ्यपणा. दोन्हीकडचे म्हातारे धूर दिसला तिकडे आले, एकमेकांकडे बघून मान डोलावली, बसले, जेवले. इतकं सभ्य जेवण मी पुन्हा पाहिलं नाही.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तेव्हा तो विनोद होता, आमचा दोघांचा, सांगितला असता तर नुसते फटके पडले असते. मग ठोकळा आला, तर अजूनच मजा वाटली. मग कॉफी आली, मग पहिला माणूस गेला, आणि त्याच्या आईसमोर जाऊन कसं सांगायचं, की मावशी, आमचे हात दुखत होते म्हणून? दर लढाईनंतर तिंदीवी ओढ्यावर भेटायचा आणि म्हणायचा, केपा, सांगू या का आता? आणि मी म्हणायचो, ही लढाई निवळू दे, मग सांगू. दर वेळी मी म्हणायचो, हे नीट लिही. तो कधी नाही म्हणाला. एकट्याने सांगितलं असतं त्याने तर त्याचं कुळ वाचलं असतं, पण आम्ही दोघांनी मिळून सांगायचं ठरवलेलं, म्हणून तो थांबला. कोर्टात त्याने उत्तर देण्याआधी माझ्याकडे पाहिलं. मी वर छताकडे पाहत होतो, तिथे एक पाल होती. मग तो म्हणाला, आठवत नाही.

त्यानंतर त्याच्या माणसांनी त्याला डुकराच्या खांद्याचा मानाचा वाटा देणं बंद केलं. पोरंसोरं त्याला म्हणायची, ए आठवत नाही, इकडे ये. पन्नाशीचा माणूस. पुढच्या लढाईत तो सगळ्यांच्या पुढे निघाला, बाकीच्यांकडे बंदुका आणि याच्या हातात धनुष्य, मी भित्रा नाही हे दाखवायला. ते गवत थोडं वाकलंय ना, सुरूच्या अलीकडे, तिथे पडला. बंदूक आमच्यातल्या एका पोराची होती. कोणाची ते मला माहीत आहे, ते तुला सांगणार नाही. मी इथून बघत होतो. आणि त्याच्या पुढच्याच वर्षी मला तो बिल्ला मिळाला, शांततेच्या कामासाठी.

आज खाली जाऊन छातीवर हात ठेवला आणि नेहमीचं वाक्य म्हटलं, की झालं. यारेपांनी शब्द दिलाय, ते गिळतील. आमची पोरं मला खांद्यावर घेतील. आणि खरं सांगितलं तर पट्टा जाणार, बिल्ला जाणार, आणि ज्यांची माणसं गेली त्या घरांसमोरून मला जायला वाट राहणार नाही, इकडेही नाही आणि तिकडेही नाही. अगाताने काल चर्चवाल्यांबरोबर निरोप धाडला. म्हणते, बाबा, पट्टा कोणालाही जाऊ दे, आम्हाला फक्त लावू दे, आणि तुम्ही एकदा जेवायला या. तिला वाटतं तिचा सासरा विसरला. सगळ्यांना वाटतं. तिची पोरं शाळेत भांडली की तिकडची पोरं अजून तेच चिडवतात, आठवत नाहीचा नातू. ते तर माझेही नातू आहेत ना गं.

ऐकलंस? भोंगा. एक. ते यंत्र अजून चालू आहे? बंद कर. बंद कर म्हणतो ना. थांब — नको, राहू दे, चालू राहू दे. दोन. तो इतर म्हणून चौकोन होता बघ, त्याच्यावर कर खूण. स्पष्ट करायला दोन बोटं जागा आहे, तेवढी पुरेल, लिही, कातळ कठीण होता. बॅटरीही गेली वाटतं गाडीची. नाही, हा वाजला. तीन.

ऊठ पोरी. तू काही चुकली नाहीस, पण ऊठ. त्या दगडाखाली हातभर लांब खाच आहे कातळाला, तीन घावांची, आणि तिच्या फटीत लोखंड आहे. आमच्या माणसांना वाटतं म्हातारा इथे बसून राखण करतो. तू परकी आहेस, पट्ट्यातून तुला कोणी अडवणार नाही, सरळ खाली जा आणि त्या हिरव्या झग्यावालीला म्हणावं, बापाने पहार मागितलीय, सगळ्यांना घेऊन वर ये. का म्हणून विचारलं तर सांग, टोक सापडलं. जा. वही इथेच ठेव, गवतात पडेल. ती येईपर्यंत त्या दगडावर मी बसतो. सवय आहे मला.